कायद्याने वाचलेला कर कुणाचा?



म्हैसूरमध्ये करावर बोलायचे तर सुरुवात या गावातूनच करावी लागते. १९०५ च्या सुमारास तंजावर भागातल्या एका पंडितांनी इथल्या ओरिएंटल लायब्ररीत ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचून काढली, आणि कित्येक शतके केवळ इतरांच्या उल्लेखांतून माहीत असलेले कौटिल्याचे अर्थशास्त्र पुन्हा जगापुढे आले. १९०९ मध्ये त्याची संहिता छापून निघाली आणि १९१५ मध्ये त्यांनीच केलेले इंग्रजी भाषांतर. १९०९ हेच टी. आनंदराव म्हैसूरचे दिवाण झाल्याचे वर्ष. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले, सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. तेव्हा आपली मराठी मंडळी या संस्थानाच्या तिजोरीला परकी नव्हती.

त्या ग्रंथात कराचा विचार दोन्ही बाजूंनी केलेला आहे. जकात वाचवण्यासाठी मालाचे माप किंवा मोल कमी सांगणाऱ्या व्यापाऱ्याला तिथे दंड आहे. सरकारी पैसा अधिकारी किती तऱ्हांनी खातात याचे चाळीस प्रकारही तिथेच मोजून दिले आहेत. देणाऱ्याने लबाडी करू नये आणि घेणाऱ्याने खाऊ नये, ही दोन्ही पथ्ये एकाच शास्त्राची आहेत. आजच्या विषयात ही जोडी मी सुटू देणार नाही.

विषय असा. धनवान उद्योगपतीने, कायद्याचा एकही शब्द न मोडता, आपला कर कमीत कमी करावा का? चोरीबद्दल मी बोलत नाही. दोन नंबरच्या वह्या, खोटी बिले, लपवलेले उत्पन्न हा गुन्हा आहे आणि त्यावर वाद नाही. वाद आहे तो चांगला सीए आणि चांगला वकील गाठून, विवरणपत्रात सगळे खरे लिहून, करोडो रुपये वाचवणाऱ्या माणसाबद्दल.

कायदा त्याच्याबद्दल काय म्हणतो ते आधी पाहू. आपल्या राज्यघटनेचे २६५ वे कलम सांगते की कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही. नागरिकाच्या बाजूने घातलेला हा मोठा बांध आहे. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरचा खटला गाजला. या सरदाराने आपल्या माळ्याला द्यायचे पैसे पगार म्हणून देण्याऐवजी करारनाम्याने ठरवलेली वार्षिक रक्कम म्हणून दाखवले आणि कर वाचवला. न्यायालयाने ते मान्य केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मॅक्डॉवेल प्रकरणात वेगळा सूर लावला. चौकटीत राहून केलेले करनियोजन ठीक, पण दिखाऊ क्लृप्त्या त्यात बसत नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तर कर टाळण्याने समाजावर पडणाऱ्या नैतिक आणि आर्थिक ओझ्याकडेही बोट दाखवले. पुढे २००३ च्या आझादी बचाओ आंदोलनाच्या खटल्यात, मॉरिशसबरोबरच्या दुहेरी करासंबंधीच्या कराराबाबत, न्यायालय पुन्हा करदात्याच्या बाजूला झुकले. अखेर १ एप्रिल २०१७ पासून संसदेने करटाळणीविरुद्धचा सर्वसाधारण नियम अमलात आणला. ज्या व्यवहाराचा मुख्य हेतूच कर वाचवणे आहे आणि ज्यात व्यापाराचे खरे सत्त्व नाही, तो व्यवहार आता प्राप्तिकर खाते बाजूला ठेवू शकते.

सुमारे ऐंशी वर्षांच्या या वादातून एक गोष्ट दिसते. रेषा कुठे ओढायची यावर न्यायाधीशांचेही एकमत होत नाही. मग ज्याच्या हाती तो व्यवहार आहे त्या उद्योजकाने केवळ ‘वकील म्हणाले, चालेल’ एवढ्यावर थांबणे पुरेसे आहे का? पुरेसे नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि ते का ते मी या गावाशी नाते असलेल्या एका उदाहरणातून मांडतो.

इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी इथल्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगमधून १९६७ मध्ये पदवी घेतली. १९८१ मध्ये पुण्यात कंपनी उभी राहिली तेव्हा सुधा मूर्ती यांनी दिलेले दहा हजार रुपये हे तिचे बीजभांडवल होते. आज कंपनीचे तीनशे एकरांहून मोठे प्रशिक्षण संकुल याच गावात आहे. त्यांच्या कन्या अक्षता मूर्ती यांच्याकडे कंपनीचे एक टक्क्याच्या किंचित आत समभाग होते. त्यांचे पती ऋषी सुनक २०२२ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री होते. त्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वृत्तपत्रांतून बाहेर आले की अक्षता मूर्ती ब्रिटनमध्ये राहत असल्या तरी करासाठी ‘नॉन-डॉम’ म्हणून नोंदलेल्या आहेत. म्हणजे त्यांचे कायमचे घर परदेशात आहे असे कायदा मानत होता. परदेशातले उत्पन्न ब्रिटनमध्ये आणले नाही तर त्यावर तिथे कर नाही. बदल्यात त्यांनी वर्षाला ३० हजार पौंड भरायचे.

हिशेब लक्षात घ्या. भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या करारात लाभांशावरच्या भारतीय कराला साधारण १० टक्क्यांची मर्यादा आहे. ब्रिटनचा वरच्या टप्प्यातला लाभांशावरचा दर तेव्हा ३८.१ टक्के होता. मधला सगळा फरक या एका नोंदीमुळे वाचत होता. यात बेकायदा काहीच नव्हते. त्या भारतीय नागरिक होत्या, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि नियम तर इंग्रजांनी स्वतःच अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सांभाळलेला होता. पण योग असा की त्याच आठवड्यात, ६ एप्रिलला, त्यांच्या पतीच्या खात्याने सामान्य नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा राष्ट्रीय विमा हप्ता सव्वा टक्क्याने वाढवला होता. ८ एप्रिलला अक्षता मूर्ती यांनी जाहीर केले की यापुढे, आणि नुकत्याच संपलेल्या वर्षासाठीही, जगभरातल्या उत्पन्नावर त्या ब्रिटनमध्ये कर भरतील. आपली व्यवस्था कायदेशीर होती, पण पतीच्या अर्थमंत्रिपदाशी तिचा मेळ बसत नाही असे अनेकांना वाटते, एवढे त्यांनी मान्य केले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ही नॉन-डॉम पद्धतच रद्द झाली.

टीका झाली म्हणून निर्णय बदलला, असे म्हणून काहीजण तो उडवून लावतात. मला त्यात दुसरे काही दिसते. कायद्याने मागितले नसताना एका श्रीमंत व्यक्तीने सांगितले की कायद्याची परवानगी हा माझ्या वागण्याचा शेवटचा निकष नाही. असे सांगता येते आणि पाळताही येते. माझे आजचे म्हणणे त्याच दिशेचे आहे.

आता मुळाकडे येतो. उद्योजक म्हणतो, ‘हा पैसा मी कमावला.’ खरे आहे, त्याने जोखीम घेतली, रात्री जागवल्या, माणसे उभी केली. पण तो एकट्याच्या बळावर उभा राहिला, असे या गावात तरी कुणी म्हणू नये. १९०२ मध्ये शिवनसमुद्राच्या धबधब्यावर संस्थानाने वीज काढली आणि कोलारच्या खाणींना पोचवली. १९११ मध्ये कृष्णराजसागराचे काम सुरू झाले. १९१३ मध्ये दरबारच्या पाठबळाने बँक ऑफ मैसूर निघाली, १९१६ मध्ये विद्यापीठ. वीज सोडली तर यातले बाकीचे घडवण्यात पुढाकार असलेल्या विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाले, आणि ऐन उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या सरकारी नोकरीत गेली.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांना १९४० मध्ये विमानांचा कारखाना काढायचा होता. ब्रिटिश सरकार चालढकल करत होते. म्हैसूर दरबाराने बंगळूरात जमीन दिली, २५ लाख रुपये भांडवल घातले आणि डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. तिचीच पुढे आजची एचएएल झाली. किर्लोस्करांनीही १९४१ मध्ये याच संस्थानात, हरिहरला, मैसूर किर्लोस्करचा कारखाना काढला. आपल्या मराठी उद्योगपतींची ही कर्तबगारी होती आणि तिच्याखाली सार्वजनिक पैशाचा पाया होता. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत.

संगणक उद्योगाबद्दलही हेच म्हणता येते. सरकारी महाविद्यालये आणि आयआयटी यांतून तयार झालेली मुले, १९९१ पासूनची सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क, आणि निर्यातीच्या नफ्यावर मार्च २०११ पर्यंत मिळालेली प्राप्तिकराची सूट. ही सूट घेणाऱ्या कंपन्यांनी काही गैर केले का? अजिबात नाही. देशाला परकीय चलन हवे होते, मुलांना नोकऱ्या हव्या होत्या. संसदेने विचारपूर्वक एक सौदा केला आणि कंपन्यांनी आपली बाजू पुरी केली. करसवलतीचा हा सचोटीचा उपयोग झाला. नवी यंत्रे घेतली म्हणून घसारा घेणे, संशोधनावर खर्च केला म्हणून वजावट घेणे, मागास भागात कारखाना काढून सूट घेणे हे सगळे त्याच जातीचे. यात कर कमी होतो आणि ज्यासाठी सवलत दिली ते कामही होते.

याच्या उलट २००७ चा हचिसन-व्होडाफोन व्यवहार पाहा. भारतातला मोबाइल धंदा विकला गेला, सुमारे ११ अब्ज डॉलरना. पण कागदावर विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एकच समभाग. जिथे टॉवर होते, ग्राहक होते, तरंगलहरी होत्या, त्या देशाला या नफ्यावर कर मिळू नये अशी ही मांडणी ठरली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू घेतली. २० जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची घेतली. मग सरकारने त्याच वर्षी पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला, आणि २०२१ मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला. चौदा वर्षे गेली, देशाची पत गेली. करदात्याने कृत्रिम रचना केली आणि सरकारने खेळ संपल्यावर नियम बदलले. दोघांच्याही वागण्याने कराचा करार दुबळा झाला.

आणि श्रीमंताने वाचवलेला कर कुठे जातो? तो हवेत विरत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी माथी बसतो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात नेमके हेच सांगितले होते. सरकारचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो, वरच्या वर्गांचा वाटा नगण्य असतो, आणि त्या पैशातून उच्च शिक्षण मात्र वरच्यांच्या मुलांना मिळते. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात दरवर्षीच्या अंदाजपत्रकी भाषणांतून मिठावरचा कर कमी करण्यासाठी आकडे मांडले. तो कर मणामागे अडीच रुपये होता, १९०३ मध्ये दोन झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. १९०३ मध्येच प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. कर कुणी भरावा, हा प्रश्न गरीबाच्या भाकरीतल्या मिठापर्यंत जातो, हे आपल्या या दोन माणसांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.

आज मिठाची जागा वस्तू आणि सेवा कराने घेतली आहे. साबण, बिस्किट, मोबाइलचा रिचार्ज यांवर हमाल आणि गिरणीमालक एकाच दराने कर भरतात. नोकरदाराचा टीडीएस पगार हातात पडण्याआधीच कापला जातो, त्याला नियोजनाला वावच नसतो. नियोजनाची मुभा असते ती ज्याचे उत्पन्न लाभांश, भांडवली नफा, ट्रस्ट आणि परदेशी कंपन्या यांच्या रूपात हवे तसे वळवता येते त्याला. २०११ मध्ये अमेरिकेतले वॉरन बफे यांनी स्वतःच लिहिले की त्यांनी १७.४ टक्के कर भरला आणि त्यांच्या कार्यालयातल्या इतरांचा सरासरी दर ३६ टक्के होता. आपल्याकडे १९८७ मध्ये संसदेला किमान कराची तरतूद आणावी लागली, कारण भरघोस नफा दाखवून भागधारकांना लाभांश वाटणाऱ्या काही कंपन्यांचा कर शून्य येत होता. प्रत्येक वजावट वेगळी पाहिली तर योग्य होती. एकत्र केल्यावर त्यातून जे उभे राहिले ते योग्य नव्हते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप दराचा. १९७३-७४ मध्ये वरच्या टप्प्याचा प्राप्तिकर अधिभारासह ९७.७५ टक्के होता, वर संपत्ती कर वेगळा. त्या काळी नानी पालखीवालांसारख्या विधिज्ञांनी करदात्याची बाजू लढवली ती न्यायाचीच लढाई होती. वांछू समितीनेही १९७१ मध्ये सांगितले होते की असे दर काळा पैसा वाढवतात. मला ते पूर्ण मान्य आहे. पण तो काळ गेला. १९८५ मध्ये वारसाहक्कावरचा मृत्यू कर गेला, २०१५ च्या अंदाजपत्रकात संपत्ती कर गेला, सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा दर २२ टक्क्यांवर आला. नव्या करप्रणालीत वैयक्तिक कराची कमाल ३९ टक्के आहे, आणि नोंदणीकृत समभाग वर्षभर ठेवून विकले तर मूळ दर १२.५ टक्के. जुलमी दरांविरुद्धचा बचाव आज पुढे करण्यात अर्थ उरलेला नाही.

दुसरा आक्षेप असा की सरकार पैसा उधळते आणि खाते. कौटिल्याचे चाळीस प्रकार आजही संपलेले नाहीत, हे मी नाकारत नाही. पण घरपट्टी भरणारा माणूस नगरपालिकेला जाब विचारतो, न भरणाऱ्याचा आवाज घशातच राहतो. उधळपट्टी थांबवायची असेल तर सर्वांत जास्त ताकद असलेल्या माणसांनी पूर्ण कर भरून सर्वांत मोठ्याने हिशेब मागायला हवा. तेच बाजूला झाले तर हिशेब मागायला उरतात ते ज्यांचे कुणी ऐकत नाही असे लोक.

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य आहे. ‘कराऐवजी मी दान देतो. शाळा बांधतो, रुग्णालय बांधतो, आणि सरकारपेक्षा चांगली चालवतो.’ या दानाबद्दल मला मनापासून आदर आहे. कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले २०१४ पासून. त्याआधीपासून हे काम निष्ठेने करणारी घराणी आपल्यात आहेत. पण दानात कुठे शाळा काढायची ते दाता ठरवतो. करात ते मतदार ठरवतो. ज्या वस्तीचे नाव दात्याला माहीत नाही, तिथल्या नळाला पाणी करातूनच येते. म्हणून दान कराच्या वर द्यावे, कराच्या जागी देऊ नये.

चौथा आक्षेप कंपनीचा आहे. संचालक मंडळ भागधारकांचे विश्वस्त आहे, जास्त कर भरून त्यांचे नुकसान कसे करणार? खुल्या बाजारातल्या कंपनीबाबत हा प्रश्न खरा आहे. पण विश्वस्ताचे कर्तव्य दूरचा विचार करण्याचे आहे, आणि बेटांवरच्या रचना कंपनीला पुढे किती वर्षे कोर्टात अडकवतात ते आपण आताच पाहिले. शिवाय मी प्रामुख्याने बोलतो आहे ते मालकाच्या स्वतःच्या उत्पन्नाबद्दल. तिथे त्याला विचारणारा कुणी भागधारक नाही.

मग मालकाने वागावे कसे? माझ्यापुढे दोन कसोट्या आहेत. पहिली: कर नसता तर मी हा व्यवहार केला असता का, किंवा ज्या कामासाठी सवलत दिली आहे ते काम मी खरोखर करतो आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर कायद्यात जागा असूनही तो व्यवहार करू नये. भारतात धंदा करून वर्षातले दिवस मोजत परदेशात राहणे, काहीच काम न करणाऱ्या नातेवाइकांना कंपनीतून पगार दाखवणे, शेतीशी संबंध नसताना शेतीचे करमुक्त उत्पन्न मिरवणे, हे सगळे या कसोटीवर गळते. त्यातले काही तर कायद्यालाही धरून नसते.

दुसरी कसोटी: माझ्या कारखान्यातल्या कामगारांना एकत्र बोलावून मी हा व्यवहार त्यांना समजावून सांगू शकेन का? २०२२ च्या त्या आठवड्यात लंडनमध्ये हीच कसोटी एका व्यवस्थेवर बाहेरून लादली गेली, आणि ती टिकली नाही. ज्याला ती आधी स्वतःच लावता येते त्याला वृत्तपत्रांची भीती राहत नाही.

इथे बसलेल्या सीए मंडळींना माझी विनंती आहे की अशिलाला ‘हे चालते’ एवढेच सांगू नका, ‘हे कशासाठी ठेवले आहे’ तेही सांगा. कंपन्यांना विनंती आहे की कुठल्या देशात किती कमावले आणि किती कर भरला हे ताळेबंदाबरोबर सोप्या भाषेत छापा. सरकारकडे मागणी आहे की २००६-०७ पासून अंदाजपत्रकासोबत सवलतींमुळे बुडालेल्या महसुलाचे विवरण येते, त्यावर सभागृहात खरीखुरी चर्चा व्हावी. ज्या सवलतीने काम होत नाही ती बंद व्हावी. आणि खेळ संपल्यावर नियम बदलणे पुन्हा कधीही होऊ नये.

डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत सांगितले होते की घटनात्मक नीती माणसाच्या अंगी आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते. करकायद्यालाही तेच लागू आहे. पन्नास हजार कलमे लिहिली तरी हुशार माणसाला त्यांच्या मधून वाट सापडेल. ती वाट दिसूनही न धरणे हे कुणालाही सक्तीने करायला लावता येत नाही. ते ज्याच्याजवळ भरपूर आहे त्यालाच करता येते, आणि म्हणूनच त्याच्याकडून ते मागण्याचा अधिकार ज्यांनी त्याच्या उद्योगाखाली धरण, वीज, शाळा आणि रस्ता घातला त्या सर्वांना आहे. श्रीमंत उद्योजकाने सवलत जरूर घ्यावी, तिच्या उद्देशासह घ्यावी. त्यापलीकडचा जो कर तो टाळू शकतो, तो त्याने भरावा, कारण तो न भरल्यास भरणारा माणूस त्याच्यापेक्षा गरीब असतो.